पाल्याच्या मशीनमधलं मटण

आमच्या फ्रिजच्या दारावर कायम तीन याद्या असतात: आणायचं, करायचं आणि संपत आलेलं. घरातले लोक हसतात, पण मीठ संपलं की त्याच दाराशी येऊन उभे राहतात. गेल्या दिवाळीनंतर ‘करायचं’मध्ये मी लिहिलं, ‘मटण वाळवणे’. नवऱ्याने चहा पिता पिता ते वाचलं.

“उन्हात वाळवणार?”

“मशीनमध्ये.”

“कोणत्या?”

वाळवणाचं मशीन घरात एकच होतं आणि ते माझ्या सासूबाईंचं होतं. आणि सासूबाई माळकरी. नवरा कप आणि पेपर उचलून पुढच्या गॅलरीत गेला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने ही एक विद्या चांगली कमावली आहे.

मटण वाळवायचं होतं ते लेकीसाठी. ती लातूरला पोलीस भरतीची तयारी करत होती, एका अकॅडमीच्या होस्टेलवर राहून. आदल्या वर्षी तिचं ग्राउंड थोडक्यात हुकलं. गोळा चांगला गेला, छोटी धाव चांगली गेली, मोठ्या धावेत शेवटच्या वळणावर पायातलं बळ गेलं. ती नांदेडला परत आली, न जेवता झोपली, आणि सकाळी मी उठले तर तिने बूट धुऊन वाळत घातले होते. म्हणजे पुन्हा पळायचं होतं. तेव्हा आम्ही नवरा-बायकोने बसून ठरवलं आणि तिला सांगितलं, की अजून एकदाच. या वेळी ग्राउंड निघालं नाही तर मुकाट्याने बी.एड. तिने मान डोलावली आणि म्हणाली, “घरात दोन मास्तर आहेत, तिसरा कशाला?” पण शब्द दिला. आमच्या घरात शब्द दिला की दिला.

डॉक्टरांनी तिचं रक्त तपासून सांगितलं होतं, मुलीला खाऊ घाला. लिहून दिलेल्या गोळ्या ती घेत होतीच. पण होस्टेलची मेस शाकाहारी, आणि तिथल्या वरणात तोंड दिसायचं. अंडी उकडून खाऊन खाऊन तिला त्यांचा वास सहन होईना. लहानपणापासून तिला एकच गोष्ट पोटभर जाते, ती म्हणजे मटण.

आमच्याकडे शिकायला बाहेर ठेवलेल्या पोरांचे डबे एसटीने जातात. सकाळी स्टँडवर जायचं, लातूरची गाडी शोधायची, कंडक्टरला ‘भाऊ’ म्हणायचं, डबा ड्रायव्हरच्या मागे ठेवायचा आणि पोरांना गाडीचा नंबर कळवायचा. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी असली तर काही बिघडत नाही. मी दसऱ्यानंतरच्या उन्हात सुक्कं मटण पाठवलं. त्या दिवशी लोह्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी उन्हात तापत उभी राहिली. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

“मम्मी, डब्यात फेस आलाय.”

“टाकून दे. हात धू.”

“हात धुतला. रडू येऊन राहिलं.”

“रडून झालं की केळी खा.”

मग तिनेच मला एक व्हिडिओ पाठवला. परदेशातला कोणी दाढीवाला माणूस मटणाच्या पट्ट्या कापतो, मशीनमध्ये घालतो, आणि चामड्यासारखे तुकडे काढून मुलांना देतो. खाली लेकीने लिहिलं होतं, ‘फ्रिज लागत नाही. खिशात ठेवून ग्राउंडवर नेता येतं. आपल्याकडे मशीन आहे ना?’

मशीन होतं, पण ते कोणासाठी आलं होतं ते सांगायला हवं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना आम्ही चाकूरहून नांदेडला आणलं. आत्याबाई म्हणते मी त्यांना. चाकूरला त्यांच्या माळवदावर, त्या मातीच्या गच्चीवर, वर्षभर काही ना काही वाळत असायचं. इथे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, कबुतरं आणि रस्त्याची धूळ. पहिलं वर्ष त्या नुसत्या बसून होत्या. कोणी विचारलं काय करता, तर म्हणायच्या, “काय करणार, खाऊन राहिले.” मग मी हे मशीन आणलं, आत पंखा, हीटर आणि जाळीचे ट्रे. त्यांनी आधी नाक मुरडलं, आणि आठवड्याभरात त्याला ‘पेटी’ म्हणू लागल्या. हिवाळ्यात चाकूरच्या शेतातून हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची गोणी यायची. तो पाला खुडायचा, पेटीत वाळवायचा आणि वर्षभराची भाजी डब्यात भरून पाहुण्यारावळ्यांना वाटायची, हा त्यांचा उद्योग झाला. पेटी चालू असली की त्या शेजारी खुर्ची टाकून बसत.

तर त्या पेटीत मटण. मी सरळ विचारायला गेले. आडून विचारण्यात वेळ जातो.

“आत्याबाई, लेकीसाठी पेटीत मटण वाळवायचं म्हणते.”

यंदा उशिरा आलेल्या गोणीतला पाला त्या खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “वाळव की. मला कशाला पुसायलीस?”

“तुमचे ट्रे वेगळे, मटणाचे वेगळे. मटणाच्या ट्रेला मी लाल दोरा बांधते.”

“दोरा बांध न्हाई तर घुंगरू बांध. ट्रे येगळे, पर वारा तर एकच हाय की.”

पंखा खरंच एकच होता. आमच्या घरात मटण शिजतं ते मागच्या गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत. ती भांडी तिथल्याच कपाटात राहतात, आत येत नाहीत. चाकूरला हीच रीत अंगणात होती. त्या हिशेबाने पेटी एकदा मागच्या गॅलरीत गेली की ती बाहेरची झाली.

आत्याबाईंनी हातातली जुडी संपवली. मग म्हणाल्या, “पोरगी पळंल का त्यानं?”

“पायानं पळेल. पण पायात काहीतरी पाहिजे ना.”

“मंग घेऊन जा मागं. पाला मी पेपरवर पसरते.”

पाला पेपरवर नीट वाळत नाही, काळा पडतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी पेटी उचलली आणि मागच्या गॅलरीत नेली.

मटणाच्या दुकानदाराला समजावणं याहून अवघड गेलं. माझं वर्षानुवर्षांचं दुकान ते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो न मागता चरबीचा तुकडा वर टाकतो. तो त्याचा मान आहे, आणि तो नाकारणं म्हणजे त्याच्या घरचा चहा नाकारणं.

“मांडीचं द्या. हाड नको, चरबी नको. पातळ लांब पट्ट्या करा.”

“मॅडम, हड्डी नको?”

“नको.”

“चरबी भी नको?”

“नको.”

“कोई बीमार है क्या घर में?”

मागे उभा असलेला माणूस हसला. मी सांगितलं, वाळवायचंय. त्याने सुरी खाली ठेवली. “मेरी नानी वाळवायची, बिलोलीला. दोरीवर. बकरीद के बाद आंगन में जाओ तो सर पे लगता था.” मग त्याने मन लावून पट्ट्या कापल्या. पण शेवटी पिशवीत चरबीचा तुकडा टाकलाच. “ये अलग है. ये साब के लिए.”

इथपर्यंत सगळं यादीप्रमाणे होतं. आलं-लसूण, मीठ, तिखट, हळद, लिंबू. पट्ट्या आधी कुकरमध्ये वाफवून घेतल्या, कारण नुसत्या गरम वाऱ्यावर माझा विश्वास नव्हता. मग मी त्या ताटात पसरल्या, आणि बघितल्यावर वाटलं, काहीतरी राहिलंय. राहिलं होतं येसर. आमच्या मराठवाड्यात मटण म्हटलं की येसर आलंच. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मसाले खरपूस भाजून दळलेलं ते पीठ. दोन चमचे रश्श्यात पडले की रस्सा दाट होतो आणि घरभर वास सुटतो. आमचं येसर आत्याबाई करतात. ज्या मटणाला त्या हात लावत नाहीत, त्या प्रत्येक मटणात त्यांचं येसर असतं. दाढीवाल्याच्या व्हिडिओत येसर नव्हतं, पण त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक असणार? मी सढळ हाताने येसर घेतलं आणि प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी थापलं.

पेटी रात्रभर चालली, आणि सकाळी पट्ट्या काय दिसत होत्या! वरून खरपूस, तांबूस, बोटाने वाजवल्या तर टकटक. नवऱ्याने गॅलरीत उभ्या उभ्या एक टोक तोडून खाल्लं आणि म्हणाला, “हे तर चहाबरोबर चाललं असतं.” दुसऱ्या दिवशी डबा लातूरच्या गाडीत गेला. संध्याकाळी लेकीचा फोन आला. “मम्मी, भारी झालंय! एकदम भारी.” मी यादीतल्या ‘मटण वाळवणे’वर रेघ मारली.

मी शिक्षिका आहे आणि शाळेचा पोषण आहार माझ्याकडे असतो. मुलांना वाढण्याआधी शिजलेल्या अन्नाचा नमुना एका डबीत काढून ठेवायचा, ही शाळेची शिस्त. ती माझ्या हाताला इतकी लागली आहे की घरच्या लग्नातही मी नमुना काढायला जाईन. मटणाच्याही दोन पट्ट्या मी छोट्या डबीत घालून मागच्या गॅलरीच्या कपाटात ठेवल्या होत्या, किती टिकतं ते बघायला. रविवारी सकाळी, शाळा नव्हती म्हणून, डबी उघडली.

वास थोडा आंबूस आला. पट्टी वरून तशीच टणक होती. मी ती मोडली. आत ओलसर, मऊ, आणि मोडल्या जागी बोटांना चिकट लागलं.

कारण कळायला वेळ लागला नाही. येसराचं काम काय? रश्श्यातलं पाणी धरून ठेवायचं. तेच पीठ मी मटणावर थापलं होतं आणि त्याच्याकडून मटण कोरडं होण्याची अपेक्षा करत होते. वरचं पीठ भाजल्यासारखं कडक झालं, आतलं पाणी आतच अडकलं, आणि टकटक आवाज ऐकून मी खूश झाले.

पण तो विचार नंतरचा. आधी लेकीला फोन केला. लागला नाही. अकॅडमीत मुलींचे फोन दिवसभर सरांकडे जमा असतात. सरांचा नंबर माझ्याकडे होता, तोही वाजून वाजून बंद झाला, कारण रविवारी सगळे ग्राउंडवर. ऑफिसचा नंबरही कोणी उचलेना. तिचं भरतीचं ग्राउंड चार दिवसांवर आलं होतं. पोट बिघडलं तर चार दिवसांत काय उठणार आणि काय पळणार? आणि ती तर म्हणाली होती, भारी झालंय. म्हणजे खाल्लं होतं. आवडीचं आहे म्हणजे रोज खात असणार.

“अहो, गाडी काढा. लातूर.”

नवऱ्याने एका दमात किल्ली, चष्मा आणि पाण्याची बाटली घेतली. आम्ही दारात पोचतो तर आत्याबाई चप्पल घालून उभ्या.

“आत्याबाई, तुम्ही कशाला? गुडघे धरतील.”

“गुडघे माझे हायत. येसर बी माझंच हाय.”

“येसराचा दोष नाही, मी लावलं ते.”

“तेच म्हणते मी. माझ्या येसराला नावं ठेवायची न्हाईत. चल.”

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मी सारखी सरांना फोन लावत होते. एरवी या रस्त्याने जाताना चाकूर आलं की आत्याबाई अर्धा किलोमीटर आधीपासून सांगू लागतात, थांब रे, कुलूप बघून येते, तुळशीला पाणी घालते, शेजारणीला आवाज देते. दर वेळी तासभर मोडतो. त्या दिवशी चाकूरचा फाटा आला. नवऱ्याने सवयीने गाडी हळू केली.

“काय करून राहिलास?” मागून आवाज आला. “सरळ चल.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. गाडी सरळ गेली.

लातूरला ग्राउंडवर पोचलो तेव्हा मुलींची धाव नुकतीच संपली होती. घामाने थबथबलेल्या दहाबारा जणी कठड्यापाशी पाणी पीत होत्या. आमची त्यांच्यात होती, उभी, तोंड लाल, दिसायला धडधाकट. तिने आम्हा तिघांना न सांगता आलेलं बघितलं आणि हातातली बाटली तिच्या हातातच राहिली.

“मम्मी… कोण गेलं?”

मी तोंड उघडण्याआधी आत्याबाई नवऱ्याचा हात धरून पुढे झाल्या. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पदर, आणि आवाज शेताच्या बांधावरून मारावा तसा.

“कुणी गेलं न्हाई. मटण कुठाय?”

सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. सरही बघायला लागले.

“आज्जी, हळू!”

“हळू कशाला? खाल्लंस का?”

“नाही.”

“खरं सांग.”

“खरंच नाही. टाकलं सगळं. त्याच दिवशी.”

मला एकदम पायरीवर बसावंसं वाटलं, आणि मी बसले. मग विचारलं, “मग फोनवर भारी झालंय म्हणालीस ते?”

ती माझ्या शेजारी बसली. “तोंडात घालायच्या आधी मोडून बघितलं. आत ओलं होतं. तूच शिकवलंयस ना, बोर असो की वांगं, आधी फोडून बघायचं. मग काय खाणार?” ती बुटाची नाडी सोडू लागली. “पण तू आवाजात इतकी खूश होतीस. मी म्हटलं, नंतर सांगू. ग्राउंड झाल्यावर.”

“आम्ही इकडे जीव मुठीत धरून आलो!”

“मला काय माहीत तू नमुना काढून ठेवलास ते!” असं म्हणून ती थांबली आणि हसायला लागली. “अर्थात ठेवलाच असणार. मला कळायला पाहिजे होतं.”

आत्याबाईंनी तिच्या दंडाला हात लावून बघितला, भाजी घेताना बघतात तसा. “लई वाळलीस गं,” एवढंच म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर चाकूरला थांबलो. कुलूप बघितलं, तुळशीला पाणी घातलं, शेजारणीला सगळी हकीकत सांगितली. नेहमीसारखाच तासभर मोडला.

त्याच संध्याकाळी दुसरी खेप घातली. दुकानदाराला सांगून पट्ट्या आणखी पातळ घेतल्या. मीठ, तिखट, लसूण, लिंबू, बस. येसर कपाटात. आधी नीट शिजवून घेतलं, फडक्यावर टिपलं, मग ट्रेमध्ये एकीला दुसरी लागणार नाही अशा मांडल्या. आत्याबाई मागच्या गॅलरीच्या दारात आल्या, उंबऱ्याच्या आत थांबल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, “ट्रे फिरव. खालचा वर, वरचा खाली. मागल्या कोपऱ्यात वारा कमी लागतो.” पेटीशेजारी खुर्ची टाकून बसलेलं माणूस ते, त्याला तिचा वारा ठाऊक होता. मी ट्रे फिरवले.

या वेळी मी एकीवरही विश्वास ठेवला नाही. गार झाल्यावर प्रत्येक ट्रेमधली एक पट्टी वाकवून बघितली. वाकताना चिरली पाहिजे, तुटता कामा नये, आणि चिरीत ओल दिसता कामा नये. मोडूनही बघितली. मधल्या ट्रेवरच्या जाड होत्या, त्या पुन्हा आत घातल्या. तेव्हा कुठे डबा भरला. या वेळी एसटीवर सोडला नाही. नवरा स्वतः नेऊन देऊन आला आणि लेकीने त्याच्यासमोर एक पट्टी मोडून, बघून, खाल्ली.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणाली, तिखट कमी आहे.”

ग्राउंडच्या दिवशी मी शाळेत होते. खिचडीचा नमुना डबीत काढला आणि झाकण लावायचं विसरले, हे मदतनीस बाईंनी दाखवून दिलं. घरी आले तर आत्याबाई पुढच्या गॅलरीत बसलेल्या, पुढ्यात डहाळ्यांचा भारा, हिरव्या हरभऱ्याने लगडलेला. पाल्याचा हंगाम सरला होता. पेपरवर पसरलेला त्यांचा पाला काळा पडला होता, तो त्यांनी टाकून दिला होता. या वर्षी पाहुण्यांना भाजी गेली नाही. शेतातल्या आधी पेरलेल्या हरभऱ्याला घाटे धरले होते.

फोन आला तो नवऱ्याच्या मोबाइलवर. त्याने स्पीकर लावला.

“पप्पा, निघालं! मोठी धाव पण निघाली. शेवटच्या वळणावर मी पुढे होते, पप्पा!”

“मटण खाल्लंस का गं?” मी मागून ओरडले.

“धावेच्या आधी कोण मटण खातं मम्मी! काल खाल्लं. आज झाल्यावर सगळ्या पोरींनी वाटून घेतलं. एक पण पट्टी राहिली नाही. आज्जी कुठाय?”

“हाय की इथंच,” आत्याबाई म्हणाल्या. “आता लेखी परीक्षा हाय म्हणं?”

“हो. ती अजून बाकी आहे.”

“ती बसून करायची असती. ती होईल.”

नवऱ्याने फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसला. लेखी निघेल का, निवड होईल का, हे सगळं पुढचं होतं. पण मोठी धाव निघाली होती, तीच गेल्या वर्षी अडली होती. मी फ्रिजपाशी जाऊन यादीत काहीतरी लिहावं म्हणून पेन उचललं, काय लिहायचं ते सुचेना, पेन परत ठेवलं.

गॅलरीतून घाटे सोलल्याचा आवाज येत होता. आत्याबाईंच्या ताटात हिरव्यागार सोलाण्यांचा ढीग होत आला होता. त्यांनी मागच्या गॅलरीकडे हनुवटी केली.

“ती पेटी चिंच लावून घास. दोनदा घास. पंख्याला बी फडकं मार.”

“आणि?”

“अन् आण आत. पाला तर गेला, सोलाणे तरी वाळवू.”

“वारा एकच आहे म्हणत होतात ना, आत्याबाई?”

“वाऱ्याला काय करायचं ते मी बघते,” त्या म्हणाल्या. “तू चिंच भिजत घाल.”